नाशिकची थंडी: नीळ झोपली, लोकर चिकट, ताणा तुटतोय

लडी_गुंडी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. इंदिरानगर, दुसरा मजला. घरीच सूत-लोकर रंगवते आणि विणते. कामाची जागा म्हणजे पूर्वेची बाल्कनी आणि हॉलचा एक कोपरा. दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत होतं, डिसेंबर लागला आणि तीन कामं एकदम अडली. मापं लिहून देते, म्हणजे अंदाजाने सांगावं लागणार नाही.

नीळ: २० लिटरची झाकणाची बादली. नीळ पावडर (झाडाची, कापड रंगवायची) ४० ग्रॅम, पानवाल्याकडचा ओला चुना ८० ग्रॅम, गूळ १२० ग्रॅम. ऑक्टोबरात हीच मापं चालली होती. आता तीन दिवस ठेवूनही पाणी निळंच आहे, वर तांब्याच्या रंगाची साय धरत नाही. सकाळी ८ ला बादलीतलं पाणी १६ अंश भरतं.

लोकर: दख्खनी मेंढीची काळी, ५०० ग्रॅम. कढत पाण्यात ईझी (लोकरी कपडे धुवायचं द्रावण) घालून अर्धा-पाऊण तास भिजवली, मग नळाखाली खळबळली. वाळल्यावर चिकट लागते, आणि मुठी-दोन मुठी तर घट्ट जमून गेली, सुटतच नाही. गवताची कुसळं अजून तशीच आहेत.

ताणा (मागावर ताणलेले उभे धागे): हाताने कातलेलं एकेरी सुती सूत, टेबलावरचा छोटा माग. सकाळी बरं चालतं. दुपारी १२ नंतर वीतभर विणलं की दोन-तीन धागे तुटलेच. लोकर पिंजतानाही ती ब्रशला आणि स्वेटरला चिकटते, चटचट आवाज येतो.

निळा आणि काळा असा भिंतीवर लावायचा तुकडा संक्रांतीच्या आत उतरवायचा आहे. आधी काय दुरुस्त करू?

निळाई

ताई, दुखणी तीन दिसत असली तरी मूळ एकच. इथला डिसेंबर म्हणजे एका दिवसात तीन हवामानं. पहाटे १०-१२ अंश आणि दव (निफाडकडे पारा त्याच्याही बराच खाली), दुपारी २८ अंश आणि कोरडा वारा, संध्याकाळी ७ ला पुन्हा शाल. पावसाळ्यात कुठलंही काम कुठल्याही वेळेला चालून जातं, थंडीत प्रत्येक कामाला त्याची वेळ द्यावी लागते. मी फक्त निळीचं सांगते.

तुमच्या बादलीत तीन गोष्टी एकावर एक बसल्या आहेत.

एक, चुना. पानाचा चुना ओला असतो, त्यात बराचसा भाग पाणीच. ८० ग्रॅम ओला चुना म्हणजे ८० ग्रॅम चुना नव्हे. शिवाय डबा उघडा राहिला असेल तर हवा लागून त्याचा खडू होतो, आणि खडूचा निळीला काही उपयोग नाही. विझवलेल्या चुन्याची कोरडी पावडर घ्या, नुकती फोडलेली पिशवी.

दोन, गूळ. त्याबद्दल खाली कोणीतरी लिहीलच.

तीन, थंडी. ढोबळ हिशेब असा, की पाणी १० अंशांनी उतरलं की आतली क्रिया निम्म्या वेगावर येते. ऑक्टोबरात दुपारी बादली ३०-३२ असेल, आता १६. म्हणजे तेव्हा एका दिवसात व्हायचं ते आता तीन दिवस घेणार, आणि तेवढ्यात झाकण उघडून ढवळून तुम्ही हवा घातली की पुन्हा पहिल्यापासून.

आहे ती बादली फेकू नका, नीळ कुठे गेलेली नाही. सगळं पाणी स्टीलच्या पातेल्यात ५० अंशांपर्यंत तापवा. ॲल्युमिनियमचं भांडं नको, चुना ते खातो. ५० ग्रॅम कोरडा चुना थोड्या गरम पाण्यात कालवून घाला, मग ६० ग्रॅम फ्रुक्टोज (फळांतली साखर). लांब काठीने एकाच दिशेला सावकाश दोन मिनिटं ढवळा, पाणी उडू देऊ नका, झाकण लावा. तासाभराने बघा. पृष्ठभागावर तांबूस चकाकी, मध्ये निळा फेस, आणि फेस बाजूला केला की खालचं पाणी चहासारखं पारदर्शक पिवळं-तपकिरी किंवा हिरवट: जमलं.

नाही जमलं तर असं ओळखा. पाणी निळं आहे, तर साखर किंवा ऊब कमी. आधी तापवा, मग २० ग्रॅम फ्रुक्टोज. पाणी स्वच्छ पिवळं आहे पण कापडावर रंगच चढत नाही, तर पीएच पट्टी बुडवा. १० च्या खाली असेल तर २० ग्रॅम चुना, ११ च्या आसपास असेल तर नीळच संपली. पाणी दुधट करडं आहे, तर काहीच बिघडलेलं नाही, चुना बसलेला नाही एवढंच. तासभर हात लावू नका. पुष्कळ जण इथेच घाई करून आणखी चुना ओततात आणि मग तळाशी चार बोटं गाळ होतो. गाळाला कापड लागलं की पांढरे डाग, म्हणून तळापासून वीतभर वर जाळी अडकवा.

नवीन बादली लावायची तर कोरड्या वजनाने १ भाग नीळ, २ भाग चुना, ३ भाग फ्रुक्टोज. २० लिटरला ४०, ८०, १२०. नीळ कोरडीच टाकू नका. बाटलीत पाव लिटर गरम पाणी, आठ-दहा गोट्या आणि नीळ घालून पाच मिनिटं हलवा. गोट्यांनी गुठळ्या फुटतात.

ऊब टिकवण्यासाठी: २० लिटरची बादली ४० लिटरच्या टबात ठेवा, मधल्या जागेत पाणी, आणि त्या बाहेरच्या पाण्यात मत्स्यटाकीचा १०० वॅटचा हीटर. तो ३०-३२ अंश धरतो, तेवढं पुरे. हीटर निळीच्या बादलीत घालायचा नाही. त्याच्या काचेवर चुन्याचा थर चढतो आणि काच तडकते. पाणी तापवायचा रॉड तर मुळीच नको. टबात हात घालण्याआधी हीटरचं बटण बंद करून पिन काढा, दर वेळी. वीज नको असेल तर ५० अंशाला तापवून वर झाकण, त्यावर जुनी गोधडी, त्यावर घोंगडी. सकाळपर्यंत २८-३० राहतं.

बुडवण्याची वेळ ११ ते ३. कापड आधी कोमट पाण्यात तासभर भिजवून पिळून घ्या. गार ओलं कापड घातलंत तर बादलीच गार होते. ५ मिनिटं बुडी, १५ मिनिटं हवा. हवा सावलीतच द्या. दुपारच्या कोरड्या वाऱ्यात उन्हात धरलं तर कडा आधी वाळतात, मध्य ओला राहतो आणि रंग चट्ट्याचट्ट्यांनी धरतो. घड्या हाताने उघडत राहा.

आणि हो, लोकर या चुन्याच्या बादलीत घालू नका. पीएच ११ ला लोकर खरखरीत होते, जास्त वेळ राहिली तर धागाच मरतो.

द्राक्षमणी

गुळाचं मी लिहितो. १-२-३ च्या मापात फ्रुक्टोजच्या जागी तेवढाच गूळ लिहिलेला सगळीकडे फिरत असतो, आणि थंडीत हमखास फसवतो.

नीळ विरघळायला तिचं क्षपण करणारी, म्हणजे तिला इलेक्ट्रॉन देणारी साखर लागते. फ्रुक्टोज आणि ग्लुकोज ते काम करतात. गुळात मुख्य साखर म्हणजे उसाचीच साखर, सुक्रोज, आणि ती हे काम करत नाही. गुळात थोडाफार ग्लुकोज-फ्रुक्टोज असतो, तेवढ्यावर आणि थोडं आंबण्यावर ती बादली ऑक्टोबरात निघाली असणार. जुन्या रंगाऱ्यांच्या माठात गूळ चालायचा तो आंबवण्याच्या जोरावर. सोबत टाकळ्याचं बी शिजवून घालत. आंबणं म्हणजे जिवाणूंचं काम, आणि १६ अंशाला इडलीचं पीठसुद्धा फुगत नाही.

गूळच वापरायचा असेल तर आधी फोडून घ्या: २०० ग्रॅम गूळ, ४०० मिली पाणी, दोन लिंबांचा रस, मंद आचेवर अर्धा-पाऊण तास. आंबटाने आणि उष्णतेने सुक्रोजचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. सगळं फुटत नाही, म्हणून माप दीडपटीच्या वर धरलंय. चुन्याच्या पाण्यात हे फुटणं होत नाही, त्यासाठी आंबटच लागतं. म्हणून बादलीत टाकण्याआधीच करायचं.

पण आपण नाशकात आहोत. द्राक्षातली साखर जवळजवळ सगळी ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच असते, फोडायची गरजच नाही. हंगाम लागला की गळलेले, तडकलेले मणी किलोच्या भावातसुद्धा कोणी विचारत नाही. १२० ग्रॅम फ्रुक्टोजऐवजी पाऊण ते एक किलो पिकलेले मणी, किंवा २०० ग्रॅम काळ्या मनुका. दीड लिटर पाण्यात २० मिनिटं उकळा, रगडा, गाळा, चोथ्यावर पुन्हा अर्धा लिटर पाणी घालून एकदा उकळा. गाळणं नीट, साल-बिया बादलीत गेल्या की सडतात.

एक अट. द्राक्षात टार्टरिक आम्ल असतं, ते चुना खातं. म्हणून चुना ८० ऐवजी ९० ग्रॅमवर न्या आणि पट्टी लावून बघा. ११ च्या वर असेल तरच पुढे.

पेळू

लोकर कुठे बिघडली ते तुमच्या वर्णनातच आहे. कढत पाण्यात अर्धा-पाऊण तास, मग नळाखाली. दोन्ही चुका थंडीतल्या आहेत, मेमध्ये कदाचित खपून गेल्या असत्या.

लोकरीतलं मेण ४० अंशांच्या आसपास वितळतं. साबणाने ते पाण्यात सुटतं खरं, पण पाणी ४५ च्या खाली आलं की तेच मेण परत केसांवर बसतं, आता मळासकट. उघड्या बादलीतलं ६० अंशाचं पाणी डिसेंबरच्या सकाळी बाल्कनीत अर्ध्या तासात तिथवर येतं. ही तुमची चिकटण.

जमून गेलेल्या मुठी: लोकरीच्या केसाला खवले असतात. गरम पाण्यात ते उघडतात. त्यावर एकदम गार पाणी पडलं, नळाची धार लागली, हाताने खळबळलं, की खवले एकमेकांत अडकून बसतात. गच्चीवरच्या टाकीचं पाणी सकाळी १५-१८ अंश, म्हणजे जवळजवळ ३० अंशांचा झटका. ती लोकर आता सुटणार नाही. कापून गादीच्या गोळ्यांसारखी भरायला ठेवा किंवा त्याच तुकड्यात नमद्यासारखी (दाबून केलेल्या लोकरी जाजमासारखी) लावा.

चिकट राहिलेली मात्र वाचते. ५०० ग्रॅम एकदम नको, २५० चे दोन भाग करा. प्रत्येकाला ८ लिटर पाणी ६० ते ६५ अंश, ईझी किंवा तसलंच सौम्य द्रावण २० मिली. आधी पाण्यात द्रावण, मग लोकर. जाळीच्या पिशवीत घालून वरून दाबून बुडवा, ढवळू नका. झाकण, वर टॉवेल, १५ मिनिटांचा गजर. थर्मामीटर ५० दाखवेल तेव्हा पिशवी उचलायची, त्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही. दुसरं पाणी तसंच, द्रावण निम्मं. नंतर साधी पाणी तीन: ५५, ४८, ४०. प्रत्येक वेळी फरक ७-८ अंशांचाच. पिशवी न पिळता टॉवेलात गुंडाळून दाबा.

वेळ दुपारी २ ते ४. कारण गच्चीवरचा सोलर हीटर. सकाळी सगळ्या सोसायटीची आंघोळ त्याच पाण्यावर, आणि रात्रभरात ते थोडं गारही झालेलं असतं. दुपारी टाकी नव्याने तापलेली असते आणि नळाला कोणी नसतं. गॅस गीझरवर पाणी काढणार असाल तर बाथरूमचं दार-खिडकी सताड उघडी ठेवा. बादल्यांमागून बादल्या काढताना बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो.

दख्खनी लोकरीत मेण तसं कमीच, माती आणि घाम जास्त. म्हणून गरम पाण्याआधी साध्या गार पाण्यात रात्रभर भिजवली तर निम्मा मळ तिथेच बसतो आणि गरम पाण्याची एखादी फेरी वाचते. पण त्याच्याही आधी कुसळं.

कुसळाचं नीट समजून घ्या, कारण पावसाळ्यानंतर कातरलेल्या लोकरीत तीच खरी डोकेदुखी. एक कुसळ उन्हात बोटांत धरून बघा: टोकाला सुईसारखं टोकदार बी, मागे पीळ पडलेली लांब शेपटी. त्या शेपटीवर पाण्याचा एक थेंब टाका. पीळ उलगडायला लागतो आणि ते बी गोल फिरतं, हातावर फिरताना दिसतं. वाळलं की उलट फिरतं. जमिनीत स्वतःला पेरायची त्याची ही युक्ती. लोकरीत भिजवलंत की ते तेच करतं, प्रत्येक ओल्या-सुक्या फेरीला गाभ्यात आणखी आत शिरतं. म्हणून कुसळं कोरडी असतानाच काढायची, दुपारी उन्हात, जाळीवर लोकर पसरून, झटकून, उरलेली चिमट्याने. तुमची आता एकदा भिजली आहेत. पूर्ण वाळवून उन्हात तापवा, मग ती कडक होतात आणि पिंजताना मोडून पडतात. तरी काही राहतीलच. भिंतीवरच्या तुकड्याला चालेल, गळ्याशी येणाऱ्या वस्तूला ही लोकर वापरूच नका. तशीही ती जाड केसांची, घोंगडीची लोकर आहे. तिला मऊपणाची अपेक्षा लावणं तिच्यावर अन्याय.

पिंजतानाचा चटचटाट म्हणजे स्थिर वीज, हवा कोरडी झाल्याची खूण. एक भाग तेल, चार भाग कोमट पाणी, चार थेंब ईझी, बाटलीत हलवून दुधट झालं की फवारा. तेल एकूण लोकरीच्या वजनाच्या २-३ टक्के. फवारून पिशवीत बांधून रात्रभर मुरू द्या. खोबरेल घेऊ नका. २४ अंशांच्या खाली ते गोठतं, आणि सकाळी तुमच्या लोकरीत पांढरे कण. तिळाचं किंवा एरंडेल घ्या. स्वेटर काढून सुती सदरा घाला, निम्मा त्रास तिथेच संपेल.

खड्डामाग

ताण्याचं सांगतो. आधी हॉलमध्ये आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र लावा. सकाळी ६५-७० टक्के दाखवेल, दुपारी २ ला ३० च्या खालीही जाईल. सुती ताण्याला ६० च्या आसपास हवं.

कापसाचं सूत ओलाव्याने बळकट होतं, वाळलं की ठिसूळ. लोकर आणि रेशमाचं उलटं: ओलं झालं की कमजोर. पुष्कळ जण सगळ्या ताण्यांवर सरसकट पाणी फवारतात, ते चूक. सुती ताण्यावर बारीक फवारा चालतो, लोकरी ताण्यावर नाही. तिथे फक्त खोलीची हवा ओलसर ठेवायची.

येवल्याचे जुने खड्डामाग बघा. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, ताणा जमिनीलगत, आणि खालच्या मातीचा गारवा-ओलावा ताण्याला मिळत राहतो. दुसऱ्या मजल्यावर खड्डा होणार नाही, पण टेबलाखाली पाणी भरलेली परात आणि मागाच्या मागच्या दोन पायांना बांधलेलं ओलं गोणपाट एवढं सहज होतं. गोणपाट ताण्याला टेकू देऊ नका, त्याचा रंग उतरतो. पश्चिमेची खिडकी दुपारी बंद. पंखा तर बंदच.

हातकताई एकेरी सुताला खळ (पिठाची पातळ पेज) दिल्याशिवाय थंडीत माग चढवू नये. २५० ग्रॅम सुताला: तांदळाची पिठी २५ ग्रॅम, पाणी १ लिटर. पिठी आधी गार पाण्यात कालवा, मग उकळत्या पाण्यात ओता, १०-१२ मिनिटं, पारदर्शक होईपर्यंत. अर्धा चमचा एरंडेल. मलमलीतून गाळा, एक गुठळी राहिली की तीच मागाच्या फणीत (धागे ओवायच्या कंगव्यात) अडकून धागा तोडते. लडी आधी पाण्यात भिजवून पिळलेली असावी. खळ हाताला सोसेल इतकी कोमट असताना लडी बुडवा, मुठीने दाबत आतपर्यंत पोचवा, पिळा, दोन्ही हातांत ताणून चार झटके द्या म्हणजे धागे सुटतात. दांडीवर टांगून खाली अर्ध्या किलोचं वजन, दर १५ मिनिटांनी लडी फिरवा. दुपारच्या हवेत अडीच-तीन तासांत वाळते. खडखडीत वाळू देऊ नका, हाताला किंचित गार लागेल तेव्हा उतरवून गुंडाळा.

लोकरी ताण्याला चिंचोक्याची खळ, घोंगडीवाले देतात तीच. चिंचोके भाजून टरफल काढून बारीक पूड, लिटरभर पाण्याला ३०-४० ग्रॅम, अर्धा तास शिजवून गाळायची. ताणा पसरून कुंच्याने एकाच दिशेला लावायची, मागे-पुढे घासायचं नाही. तांदळाची खळ लोकरीवरून झडते, चिंचोक्याची धरून बसते.

विणायची वेळ ७ ते ११. मोठ्या शहरात तीच वेळ धावपळीची, कळतं. मग निदान संध्याकाळी ७ नंतर. दुपार धुण्या-रंगवण्याला. उठताना ताण एक दात सैल करून ठेवा, रात्रीत ओलावा बदलला की ताणलेला धागा सकाळी पहिल्याच फटक्याला जातो.

धागा फणीजवळच तुटत असेल तर मात्र हवेला दोष देऊ नका. फणी दाट आहे. सूत दोन घरं सोडून भरून बघा.

लडी_गुंडी

सगळ्यांचे आभार. फ्रुक्टोज आणि कोरडा चुना घालून ५० ला तापवल्यावर दीड तासात तांबूस साय आली. सोलरचं पाणी दुपारी ३ ला ५८ भरतंय, म्हणजे गॅसवर थोडंच तापवावं लागेल. आर्द्रता दुपारी २७!

दोन शंका उरल्या. काळ्या लोकरीची टोकं तांबूस आहेत, ती रंगवून काळी करावी का? आणि सुती बाण्यासाठी (आडव्या धाग्यासाठी) काळा रंग हिरडा-हिराकसवर (हिराकस म्हणजे लोखंडाचा हिरवा क्षार) करायचा आहे, त्याची मापं? हिरड्यात रात्रभर भिजवलेलं सूत फिकटच राहिलंय.

हिरडा_हिराकस

टोकं उन्हाने तांबूस होतात, काळ्या मेंढीचं तसंच असतं. रंगवू नका. टोकं कापून वेगळी पिंजली तर तपकिरी छटा फुकट मिळते. एकत्र पिंजलीत तर काळ्याला ऊब येते. काळ्यावर हिराकस मारला तर केस कडक आणि ठिसूळ होतात, रंगात फरक दिसतही नाही.

सुताचं, ५०० ग्रॅमला: आधी सूत धुण्याच्या सोड्यात (१५ ग्रॅम) तासभर उकळून घ्या, नाहीतर कापसातलं मुळचं मेण रंग धरू देत नाही. हिरडा पूड १०० ग्रॅम, १० लिटर पाणी. ६० अंशाला सुरुवात करा आणि बादली गोधडीत गुंडाळा. तुमची रात्रभर १५ अंशाला पडून होती, म्हणून फिकट. हिरड्यानंतर धुवायचं नाही, नुसतं पिळून सावलीत वाळवायचं. मग हिराकस २० ग्रॅम. हिरवे खडे घ्या, गंजाचा तपकिरी थर चढलेले नकोत. मगभर गरम पाण्यात विरघळवून १० लिटरमध्ये, सूत सतत हलवत १५-२० मिनिटं. लगेच दोन पाण्यांतून काढा.

याने येतो तो गडद करडा. काळाभोर हवा तर आधी निळीच्या चार-पाच बुड्या, मग हिरडा, मग हिराकस. हिराकस वाढवून काळा मिळवायचा मोह टाळा. ४-५ टक्क्यांच्या वर लोखंड गेलं की सूत वर्षा-दोन वर्षांत कुजल्यासारखं तुटतं.

हिराकसाची बादली, काठी, हातमोजे वेगळे. त्याचा एक शिंतोडा झेंडूच्या पिवळ्यात पडला की पिवळ्याचा शेवाळी होतो. बोअरचं पाणी वापरत असाल तर त्यातही लोखंड असू शकतं. पिवळे मळके येत असतील तर तेच कारण. पालिकेचं पाणी रंगकामाला बरं. फक्त मंजिष्ठेला थोडं जड पाणी मानवतं, लाल अधिक खुलतो. मंजिष्ठा ७० अंशांच्या वर नेऊ नका, तपकिरीकडे झुकते.

जाता जाता: साठवणीचे दिवस हेच. दसरा-दिवाळीच्या झेंडूच्या माळा सुतळीवरून काढून पाकळ्या सावलीत वाळवा. कांद्याची सालं तर लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात गोणीने पडलेली. उन्हाळी कांद्याची पिवळट सालं तुरटीवर सोनेरी-नारिंगी देतात, लाल कांद्याची हिरवटाकडे झुकतात. म्हणून गोण्या वेगळ्या ठेवा. सुक्या सालीचं माप धाग्याच्या वजनाइतकं. लोकरीला तुरटी वजनाच्या १२-१५ टक्के, आणि ती उकळत्या पाण्यात विरघळवून मगच भांड्यात; थंडीत गार पाण्यात टाकलेली तुरटी तळाशी खडे होऊन बसते आणि लडीला ठिपके पडतात.

पेळू

एक राहिलं, हातांच्या भेगा. चुना आणि साबणात काम केल्यावर बोटांची टोकं खरखरीत होतात आणि प्रत्येक धागा तिथे अडकतो, रेशमाचा तर तुटतोच. रात्री कोकमतेल कोमट करून चोळा, सुती हातमोजे घालून झोपा. सकाळी कामाआधी डाळीच्या पिठाने हात स्वच्छ. तेलकट बोट तुरटी दिलेल्या सुताला लागलं की तिथे रंग धरत नाही, बोटाचा ठसा उमटतो.

निळाई

वाळवण्याचं कोणी लिहिलं नाही. लडी गच्चीवर १० च्या आधी टाकू नका, दव असतं. ५ ला उतरवा. लोकर हाताला कोरडी लागली तरी आत ओल धरून असते, वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं पाणी घेऊनही ती ओली लागत नाही. म्हणून उतरवल्यावर आणखी एक रात्र घरात दांडीवर, मगच डब्यात. वजन करून ठेवा. दुसऱ्या दिवशी तेच भरलं तर वाळली. ओली बंद केली तर कुबट वास, आणि कसर (लोकर खाणारी कीड) लागते ती वेगळीच. डब्यात वेखंडाचे तुकडे, पण कसर आधीच असेल तर वेखंडाने मरत नाही; हवाबंद पिशवीत घालून उणे १८ च्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे. पिशवी बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर लोकरीवर पाणी सुटतं.

बाल्कनीत कबुतरं असतील तर लड्यांवर जुनी मच्छरदाणी.

आणि १३ ते १५ जानेवारी गच्ची विसरा. पतंग कटला की मांजा येऊन पडतो तो नेमका दोरीवर. काचेची धार असलेला मांजा ओल्या लडीत गुंतला की ओढून निघत नाही, दोन्ही बाजूंना गाठ मारून तेवढा पट्टा कात्रीने कापावा लागतो.